ताटलीपाशी गुरगुरणारा जागल्या: राखणीच्या एका कुत्र्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या एका गावातून हा कुत्रा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शेल्टरमध्ये आला. गावठी, नर, वय अंदाजे चार वर्षे, वजन साडेतेरा किलो. मालक कोरडवाहू शेतकरी. वावरात सोयाबीन, तूर आणि पराटी (कापूस). रात्री रोही (नीलगायी) आणि रानडुकरे पिकात शिरतात, त्यामुळे जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, माणसाच्या जोडीला कुत्रा लागतोच. इथे त्याला जागल्या म्हटले आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

शेजारच्या धुऱ्यावर (बांधावर) डुकरांसाठी कोणीतरी फासा लावला होता, मोटरसायकलच्या क्लच वायरचा. जागल्या त्यात कमरेत अडकला आणि सुटण्यासाठी जितकी ओढ घेतली तितकी वायर आत रुतत गेली. सकाळी सालदाराने (सालाने ठेवलेल्या गड्याने) पक्कडीने वायर खुंटापासून तोडली, तेव्हा जागल्या त्याच्या मनगटाला चावला आणि पळाला. कमरेभोवतीचा वेढा मात्र तसाच राहिला. केसांखाली तो कोणाला दिसला नाही. चौथ्या दिवशी वास सुटला, जखमेत किडे पडले, तेव्हा त्याला गाडीवर घालून आणले.

आणणारा सालदारच होता आणि त्याच्या मनगटाला फडके बांधलेले होते. जखमेत तिखट भरलेले. कुत्र्याच्या आधी माणसाकडे पाहणे गरजेचे होते. चावल्यावर तिखट, चुना, हळद काही भरायचे नसते. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. चार दिवस उलटले म्हणून लस टाळायची नसते. त्याला तिथूनच ग्रामीण रुग्णालयात पाठवले आणि जागल्याला चावल्याच्या दिवसापासून मोजून दहा दिवस वेगळ्या खोलीत निरीक्षणाखाली ठेवले.

पशुवैद्यकांनी भूल देऊन वायर काढली, टर्पेंटाइनचा बोळा ठेवून अळ्या बाहेर काढल्या, मेलेली कातडी कापून जखम उघडीच ठेवली. पावसाळ्यात अशी जखम शिवून बंद केली तर आत पू धरण्याची भीती असते. रोज सकाळ-संध्याकाळ धुणे आणि मलमपट्टी. दोन आठवड्यांनी रेबीजची लस टोचली.

अडचण कशी दिसली

पहिले तीन दिवस तो जवळजवळ काही खात नव्हता, कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून पडून राहायचा. या दिवसांतल्या वागण्यावरून कुत्र्याचा स्वभाव ठरवू नये. नव्या जागेत, आवाजात, परक्या वासात शेल्टरचे पहिले दिवस कोणत्याही कुत्र्याला सर्वांत जास्त ताणाचे असतात.

चौथ्या दिवशी भूक आली आणि तिच्यासोबत गुरगुरणेही. वहीतल्या नोंदी अशा: ताटली ठेवून माणूस दाराकडे वळला की खाण्याचा वेग दुप्पट. माणूस परत दोन मीटरवर आला की तोंड ताटलीतच, पण चघळणे थांबते, अंग थिजते, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. मग ओठ वर, मग खोल गुरगुर. नवव्या दिवशी एका कर्मचाऱ्याने खराट्याने ताटली ओढायचा प्रयत्न केला, तर जागल्याने खराट्याच्या काड्या तोडल्या.

दुसरी अडचण स्पर्शाची होती. खांद्यापर्यंत हात चालायचा. बरगड्यांच्या मागे गेला की मान वळायची आणि दात दिसायचे.

पुढे सातव्या आठवड्यात मालकाला विचारल्यावर वावरातली जेवणाची पद्धत कळली. संध्याकाळी एकदाच, तीन कुत्र्यांना एकाच टोपल्यात कण्या आणि भाकरीचे तुकडे. उशीर करणारा उपाशी. अशा ठिकाणी अन्नावर राखण करणे ही जगण्याची शिकलेली रीत आहे, त्याला माज म्हणणे चूक आहे. मालकांचे म्हणणे मात्र होते, "त्याले हात नोका लावू जी. तो आता पहिल्यासारखा नाही रायला. आमच्या घरात लेकरं आहेत."

गुरगुर हा इशारा आहे. ती काठीने बंद केली तर भीती आत तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा इशारा न देता चावतो. शेल्टरमध्ये पहिल्या दिवसापासून हा नियम पाळला गेला: गुरगुरला की थांबायचे, ओरडायचे नाही, वहीत अंतर लिहायचे.

कोणते पर्याय होते

जखम भरताच वावरात परत सोडणे हा सर्वांत सोपा मार्ग. पण तिथे अंगणात जेवणारी लहान मुले होती आणि कुत्रा ताटलीवर चावणारा. दुसरा पर्याय, कायम शेल्टरमध्ये ठेवणे. एकूण बारा खोल्या. एक कायमची अडली तर प्रत्येक पावसाळ्यात जखमी येणाऱ्या एका कुत्र्याला जागा नाही. शिवाय आयुष्यभर रात्री मोकळा फिरलेला कुत्रा सहा बाय आठ फुटांत सुखी राहील असे मानायला आधार नव्हता.

गावातून कोणीतरी "सुई देऊन टाका" असेही सुचवले. २०२३ च्या प्राणी जन्मदर नियंत्रण नियमांत दयामरण आहे ते असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्र्यांसाठी. बरा होत असलेला चार वर्षांचा कुत्रा त्यात बसत नाही आणि बसायलाही नको.

दुसरे घर शोधण्याचा विचार झाला. पण अनोळखी माणसाला चावरा कुत्रा देणे म्हणजे धोका दुसऱ्याच्या अंगणात नेणे. शेवटी ठरले असे की, वर्तनावर काम करायचे, नसबंदी करायची आणि मालक अटी मान्य करत असतील तर त्याच वावरात परत पाठवायचे. नसबंदीने ताटलीवरचे गुरगुरणे जाईल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. ती केली ती माद्यांमागे लांब भटकून पुन्हा फाशात सापडण्याचा धोका कमी व्हावा आणि गावातली पिल्ले वाढू नयेत म्हणून.

आधी दुखणे, मग प्रशिक्षण

विसाव्या दिवशी जखम वरून कोरडी झाली आणि दुखणे संपले असे सगळ्यांनी धरले. कमरेजवळच्या स्पर्शाचा सराव सुरू झाला आणि आठवडाभर इंचभरही पुढे सरकला नाही. पशुवैद्यकांनी पुन्हा तपासले तेव्हा व्रण खालच्या स्नायूला चिकटलेला आणि दाबल्यावर दुखणारा निघाला. सात दिवस मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दिले. चौथ्या दिवशी शेवटच्या बरगडीपर्यंत हात चालू लागला. ताटलीवरची गुरगुर मात्र जशीच्या तशी राहिली.

यातून फार मोठी गोष्ट कळली: एक प्रश्न दुखण्याचा, दुसरा शिकलेल्या सवयीचा. हे वेगळे झाल्याशिवाय केलेला आठवडाभराचा सराव वाया गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या आठवड्यात प्रत्येक स्पर्शाला वेदना जोडली गेली. (मेलॉक्सिकॅम पशुवैद्यकाने वजनावरून ठरवल्याशिवाय देऊ नये, विशेषतः कुत्रा पाणी कमी पीत असेल तर. आणि घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याला अजिबात नाही. पोटात रक्तस्राव होऊन आणि मूत्रपिंडे निकामी होऊन कुत्री मरतात.)

ताटलीवरचे काम

सुरुवात व्यवस्थेपासून झाली. खोलीला मागची अर्धी खोली आणि मध्ये सरकते दार होते. नियम असा: कुत्रा मागे, दार बंद, कडी लावली, मगच ताटली ठेवायची किंवा उचलायची. स्टीलची ताटली बदलली. ती सिमेंटच्या फरशीवर घासली की जो कर्र आवाज यायचा, त्या आवाजालाच जागल्याचे कान मागे जायचे, अन्न येण्याच्याही आधी. खाली रबरी कडे असलेली जड ताटली आणल्यावर खाण्याची सुरुवात शांत झाली. दिवसाचे अन्न तीन वेळांत वाटले, म्हणजे कोणतेही जेवण जिवावर उदार होऊन राखावे इतके मोलाचे उरले नाही.

मग सराव. ताटलीत साधा भात आणि कोंबडीचे उकडलेले पाय, हाडे काढून. माणसाच्या हातात उकडलेल्या कलेजीचे तुरीच्या दाण्याएवढे तुकडे. जाळीबाहेर चार मीटरवर उभे राहायचे, कारण त्या अंतरावर जागल्या नेहमीच्या वेगाने खात होता. एक पाऊल पुढे, कलेजी ताटलीजवळ टाकायची, लगेच मागे फिरायचे. एका वेळी दहा ते बारा फेऱ्या, दिवसातून दोनदा, सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर.

मागे फिरणे हा या सरावाचा अर्धा भाग आहे आणि तोच लोक गाळतात. माणूस येतो, ताटलीतल्यापेक्षा चांगले देतो आणि निघून जातो, हे कुत्र्याला शेकडो वेळा अनुभवायला मिळाले पाहिजे. उभे राहून "बघ, कसा शांत आहे" म्हणत थांबले की कुत्र्यावर पुन्हा दडपण येते.

पुढचे अंतर घेण्याची खूण ठरलेली होती: माणूस दिसताच जागल्या ताटलीतून डोके वर काढतो, अंग सैल, तोंड किंचित उघडे, नजर माणसाच्या हाताकडे. सलग तीन सरावांत असे दिसले तरच अर्धा मीटर पुढे. एकदाही थिजला तर एक मीटर मागे. सरावाच्या अठराव्या दिवशी तो जाळीपाशी आलेल्या माणसाकडे ताटली सोडून चालत आला. कलेजी जास्त देऊ नये, त्यात अ जीवनसत्त्व खूप असते. निम्म्या सरावांत उकडलेले अंडे वापरले. उरलेल्या भाजीतले तुकडे वापरायचा मोह टाळावा, कारण आपल्या भाजीत कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक आहे.

स्पर्श आणि मुसके

स्पर्शाच्या सरावात एक चूक झाली. कर्मचारी आधी कलेजी दाखवत आणि जागल्या खाऊ लागला की कमरेकडे हात नेत. पाच दिवसांत तो कलेजी पाहूनच मागे सरकू लागला. त्याच्या दृष्टीने कलेजी म्हणजे आता कमरेला हात लागणार ही वर्दी झाली होती. क्रम उलटा केला: आधी स्पर्श, सपाट तळव्याने, एक सेकंद, हात काढायचा, मग रिकामा दुसरा हात पिशवीत घालून कलेजी. स्पर्शामुळे अन्न येते, अन्नामुळे स्पर्श नाही. खांद्यापासून सुरुवात करून दर दोन-तीन दिवसांनी चार बोटे मागे. त्याने मान वळवली तर हात तिथेच सोडायचा. बिघडलेला भाग सुधारायला बारा दिवस लागले.

मुसक्याची गोष्ट गावात समजावायला सोपी जाते, कारण उभ्या पिकात डवरताना बैलाला मुसके बांधतातच. पण बैलाचे दोरीचे मुसके किंवा तोंड आवळणारी नायलॉनची पट्टी कुत्र्याला चालत नाही. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. विदर्भाच्या उन्हात तोंड बंद बांधणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. टोपलीसारखे जाळीदार मुसके हवे, आत तोंड पूर्ण उघडता येईल, पाणी पिता येईल आणि नाकापुढे बोटभर जागा राहील असे. आतल्या टोकाला दही लावले. तीन दिवस त्याने स्वतःहून नाक घालायचे, आपण मुसके पुढे ढकलायचे नाही. मग पाच सेकंद, मग पट्टा, मग पट्ट्यासह फिरणे. बाराव्या दिवशी मुसके लावून पशुवैद्यकांनी व्रण तपासला आणि कोणाला धरून ठेवावे लागले नाही.

पोळ्याच्या दिवशीची घटना

पोळ्याला तीनपैकी दोन कर्मचारी गावी गेले. मदतीला शेजारच्या गावातला एक मुलगा आला, कुत्र्यांची आवड असलेला. जागल्या खात होता, शेपूट हलत होती. मुलगा आत गेला आणि रिकामी होत आलेली ताटली उचलायला वाकला. हाताच्या पुढच्या भागावर दोन खोल दात लागले.

शेपूट हलत होती हे खरे, पण कशी? नंतर त्या मुलानेच दाखवले: उंच, ताठ, छोट्या झटक्यांनी. खुशीत शेपूट मधल्या पातळीवर, कमरेसकट, सैल हलते.

नळाखाली पंधरा मिनिटे साबणाने धुणे, पोव्हिडोन आयोडीन, ग्रामीण रुग्णालय. कातडी फाटून रक्त आले असल्याने जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) आणि लसीचा पूर्ण क्रम. जागल्याला पाच आठवड्यांपूर्वी लस दिलेली होती, तरी उपचार टाळले नाहीत आणि टाळूही नयेत. त्या मुलाला आधी प्रतिबंधक लस दिलेली असती तर इम्युनोग्लोब्युलिनची गरज पडली नसती, ० आणि ३ या दिवशीचे दोनच डोस पुरले असते. लस न घेतलेला माणूस पिंजऱ्यांच्या कामाला उभा करणे ही शेल्टरची चूक होती आणि ती कुत्र्याच्या वागण्यापेक्षा गंभीर होती.

संध्याकाळी प्रश्न आला: काम सोडायचे का? वहीने उत्तर दिले. आधीच्या अकरा दिवसांत, शिकवलेल्या माणसांसोबत, एक मीटरच्या आत एकही गुरगुर नव्हती. अनोळखी माणूस आत येऊन ताटलीत हात घालतो, ही परिस्थिती जागल्याने कधी शिकलेलीच नव्हती. योजना फसली नव्हती. ती दोन माणसांच्या डोक्यात होती आणि दारावर नव्हती.

दुसऱ्या दिवशी दारावर जाड अक्षरांत पाटी लागली: "खाताना आत जाऊ नका. आधी मागच्या खोलीत, दार बंद, कडी. गुरगुरला तर थांबा, ओरडू नका, वहीत लिहा." ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कडीला लाल चिंधी, शेल्टरमध्ये लाल चिंधी म्हणजे विचारल्याशिवाय कडी काढायची नाही. निरीक्षणाच्या दहा दिवसांत सराव जाळीबाहेरूनच चालू राहिला, तीन मीटरपासून पुन्हा. या वेळी पाच वेगवेगळी माणसे वापरली, त्यात धोतर-टोपीतले एक म्हातारे आणि डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. कुत्रा एका माणसासोबत शिकलेले दुसऱ्यावर आपोआप लावत नाही.

मालकासोबत

मालक पस्तीस किलोमीटरवरून एसटीने चार वेळा आले. पहिल्याच वेळी त्यांनी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारला: "गुरगुरते त्याले आनखी खायाले द्यायचं, मंग तो माजन नाही का जी?" त्यांना करूनच दाखवले. "काका, तो गुरगुरायच्या आधी, दूर असतानाच टाकायचं. गुरगुरला तर आपण फार जवळ आलो, एवढंच समजायचं." दुसऱ्या भेटीत त्यांनी स्वतः चाळीस फेऱ्या केल्या.

अटी लिहून दिल्या. जेवण गोठ्यामागे, अर्ध्या दाराच्या आड, इतर दोन कुत्र्यांपासून वेगळे. दिवसातून दोनदा. ताटली तो तिथून निघून गेल्यावरच उचलायची. सात वर्षांच्या नातवाने कुत्रा खात असताना अर्ध्या दाराजवळ जायचे नाही. "शिकलाय आता" म्हणून लेकरांवर प्रयोग करायचा नाही. गोचिडांसाठी कमरेवर पावडर चोळण्याऐवजी तोंडावाटे द्यायची, सुमारे बारा आठवडे टिकणारी गोळी, म्हणजे तो हात टळला.

परत पाठवण्याची तारीख दिवाळीनंतरची ठेवली. फटाक्यांच्या आठवड्यात नुकताच परतलेला कुत्रा पळून जाण्याचा धोका मोठा असतो.

निष्पत्ती

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सतरा किलो वजनावर, जागल्या वावरात परतला. पहिले दहा दिवस लांब दोरावर, मग मोकळा. पुढच्या सहा महिन्यांत माणसाला चावल्याची घटना नाही. मालक आणि सालदार या दोघांना तो कमरेला हात लावू देतो; परक्याला नाही, आणि तसे होईल असे कोणी सांगितलेही नव्हते.

इतर जनावरांवरची राखण मात्र गेली नाही. जानेवारीत एक बकरी त्याच्या कण्यांत तोंड घालायला गेली आणि तिचा कान फाटला. अर्धे दार तिला उडी मारण्याइतके बुटके होते. शेल्टरमध्ये सगळा सराव माणसांसोबत झाला होता, बकरीचा विचारच झाला नव्हता. दाराला वर दोन आडव्या फळ्या ठोकल्यावर पुन्हा तसे घडले नाही.

वेगळे काय करता आले असते

दुखण्याची तपासणी विसाव्या दिवशी व्हायला हवी होती, स्पर्शाचा सराव सुरू करण्याआधी. कोरडी जखम म्हणजे बरी जखम नव्हे. दारावरची पाटी पहिल्या गुरगुरीच्या दिवशीच लागायला हवी होती. मालकांना सातव्या आठवड्यात बोलावले. तिसऱ्यात बोलावले असते तर तीन कुत्र्यांचे एक टोपले, उड्या मारणाऱ्या बकऱ्या, मुलांची जेवायची जागा हे सगळे आधीच कळले असते आणि सराव त्यावर बेतता आला असता.

एक प्रश्न मिटलेला नाही, तो फाशाचा. फासे लावणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. पण आपल्यावर नाव येईल या भीतीने मालकांनी आधी तक्रार करू दिली नाही. तिसऱ्या भेटीनंतर तयार झाले. वनरक्षकांनी धुऱ्यावरून आणखी चार वेढे काढले, सगळे क्लच वायरचे, जमिनीपासून हातभर उंचीवर. आता मालक जागलीला निघण्याआधी दिवसाउजेडी धुरा एकदा फिरून पाहतात आणि खिशात पक्कड ठेवतात.